काढा त्याला, आणा ह्याला

चित्रपट संपून दिवे लागतात आणि पडद्यावर नावं सरकू लागतात, तेव्हा आपल्याकडचा प्रेक्षक पार्किंगची पावती शोधत असतो. दिग्दर्शक कोण होता, असं त्याला दाराशी गाठून विचारलं तर तो नायकाचं नाव सांगतो. फारच खनपटीला बसलं तर निर्मात्याचं. पण त्याच चित्रपटाचा पुढचा भाग येणार अशी कुणकुण लागू द्या. मग हाच गृहस्थ दिग्दर्शकाचं नाव, त्याचे आधीचे चित्रपट, त्यातले आपटलेले किती आणि त्याला आजच्या आज का काढलं पाहिजे, हे सगळं एका दमात म्हणून दाखवतो. पंगतीत जिलबी बिघडली तरच आचाऱ्याचं नाव विचारलं जातं, तसं आहे हे.

२०२३ साली फरहाद सामजी ह्यांना ह्याचा पुरेपूर प्रत्यय आला. ‘हेराफेरी’चा तिसरा भाग ते करणार असं कळलं, त्याच सुमारास मार्चमध्ये त्यांची ‘पॉप कौन?’ ही वेबमालिका आली आणि एप्रिलमध्ये सलमान खानचा ‘किसी का भाई किसी की जान’. दोन्ही पाहून हेराफेरीच्या भक्तांच्या पोटात गोळा आला. सामजींना काढा, अशी देशव्यापी हाकाटी सुरू झाली. एरवी कॉलेजचं मासिक कोण काढतं ह्याचाही पत्ता नसलेली पोरं निर्मात्याला सल्ले देऊ लागली. गंमत अशी, की ‘गोलमाल ३’ आणि ‘बोल बच्चन’मधले जे संवाद ही पोरं सहलीच्या बसमध्ये घसा बसेपर्यंत म्हणत आली होती, ते साजिद-फरहाद ह्या जोडीतल्या ह्याच फरहादनं लिहिलेले. पण तेव्हा लेखकाचं नाव विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

हेराफेरीच्या बाबतीत मराठी माणसाला जरा जास्तच हक्क वाटतो, आणि त्याचं कारण बाबूराव गणपतराव आपटे. धोतर, बनियन, जाड भिंगांचा चष्मा, मराठीत विचार करून हिंदीत फेकलेली वाक्यं. असा माणूस प्रत्येक चाळीत एक तरी निघायचाच. तेव्हा आपल्या आपट्यांना कुणा परक्याच्या हाती देऊ नका, हे म्हणणं रास्तच वाटतं. फक्त एक अडचण आहे. हे आपटे मूळचे केरळचे. १९८९ च्या ‘रामजी राव स्पीकिंग’ ह्या सिद्दीक-लाल जोडीच्या मल्याळम चित्रपटात त्यांचं नाव मन्नार मत्तायी होतं आणि ती भूमिका इनोसंट ह्यांनी केली होती. २००० साली त्यांना मुंबईत आणलं प्रियदर्शन ह्यांनी, तेही केरळचेच. त्यांच्या तोंडी हिंदी घातली नीरज व्होरा ह्या गुजराती रंगभूमीवरच्या माणसानं, आणि ते साकारले परेश रावल ह्या दुसऱ्या गुजराती रंगभूमीवरच्या माणसानं. अस्सल मराठी माणूस घडवायला एवढी परप्रांतीय फौज लागली आणि त्याचं काही बिघडलं नाही. उलट आपट्यांच्या कुळात आजवर झालेला हा सगळ्यात प्रसिद्ध पुरुष असावा.

सामजी नकोत, तर मग हवं कोण? उत्तर एकमुखी होतं: प्रियदर्शन. पहिला त्यांनी केला, मग तिसराही त्यांनीच. ह्यात दुसऱ्या भागाची आठवण सोयीनं गाळली जाते. २००६ चा ‘फिर हेराफेरी’ नीरज व्होरांनी लिहिला आणि दिग्दर्शितही केला. एकवीस दिवसांत पैसे दुप्पट करणारी योजना, मनोज जोशींचा कचरा सेठ, हे सगळं दुसऱ्या भागातलं. ‘प्रियदर्शनची सर कुणाला नाही’ असं म्हणत चाहते जे विनोद एकमेकांना ऐकवतात, त्यांतले बरेच व्होरांच्या खात्यावरचे आहेत. बंदुका पाण्यात फेकून द्यायला निघालेला अक्षयकुमारचा राजू आणि त्याचा वाजणारा फोन, इथे तो चित्रपट ऐन वेळी थांबतो. पुढचं व्होरा स्वतःच दाखवणार होते. त्यांना झटका आला, वर्षाहून अधिक काळ ते कोमात होते आणि डिसेंबर २०१७ मध्ये गेले. ‘मूळ दिग्दर्शक परत आणा’ अशी मागणी करणाऱ्यांपैकी किती जणांना ह्या माणसाचं नाव आठवत असेल, हा प्रश्न जरा टोचतो.

असो. ३० जानेवारी २०२५ ला प्रियदर्शन ह्यांचा वाढदिवस होता. अक्षयकुमारनं शुभेच्छा दिल्या, त्याची परतफेड म्हणून त्यांनी ‘हेराफेरी ३’ करायची तयारी जाहीर केली, आणि चाहत्यांची दिवाळी झाली. दोन वर्षांची मोहीम फळाला आली होती. मे महिन्यात बातमी आली की परेश रावल चित्रपटातून बाहेर पडले. अक्षयकुमारच्या कंपनीनं त्यांना पंचवीस कोटींची नोटीस धाडली. आता दिग्दर्शक होता आणि बाबूराव नव्हते. जे लोक कालपर्यंत ‘प्रियदर्शन नाही तर हेराफेरी नाही’ म्हणत होते, ते एका रात्रीत म्हणू लागले, ‘बाबूराव नाही तर प्रियदर्शन घेऊन काय करायचंय?’ जूनअखेर रावल परतले, नोटिशीचा धुरळा बसला. पण मधल्या त्या महिन्याभरात एक गोष्ट उघडी पडलीच. दिग्दर्शकाचा वाद मुळात दिग्दर्शकाचा नव्हताच. लोकांना २००० सालचे आपटे हवे होते, त्याच चष्म्यासकट, आणि ते आणून देणारा जो कोणी असेल त्याला दिग्दर्शक म्हणायला त्यांची हरकत नव्हती.

ही खोड काही आपल्या एकट्याची नाही. ह्या खेळातले जुने खेळाडू म्हणजे जेम्स बाँडचे चाहते. १९६२ चा ‘डॉक्टर नो’ ते २०२१ चा ‘नो टाइम टू डाय’, असे मूळ मालिकेचे पंचवीस चित्रपट आले आणि ते केले एकूण बारा दिग्दर्शकांनी. त्या बाराजणांची नावं सांगा म्हटलं तर कडवा चाहताही सहाव्या-सातव्याला अडखळतो. जॉन ग्लेन ह्यांनी तर १९८१ ते १९८९ ह्या काळात ओळीनं पाच बाँडपट केले. त्यातल्या ‘ऑक्टोपसी’साठी ते उदयपूरला आले, कबीर बेदीला खलनायकाचा साथीदार केला आणि टेनिसवाल्या विजय अमृतराजला रिक्षा चालवायला बसवलं. एवढं करून रस्त्यात भेटले असते तर कुणी ओळखलं नसतं. मूळचे ते संकलक आणि दुसऱ्या युनिटचे दिग्दर्शक. म्हणजे उडी मारणारा, पेटणारा, कड्यावरून लोंबकळणारा बाँड कसा टिपायचा हे कोळून प्यालेले.

ही निवड वर्षानुवर्षं ब्रॉकली कुटुंबाच्या हातात होती आणि त्यांनी चाहत्यांना कधी विचारलं नाही. फार कशाला, त्यांनी स्टीव्हन स्पीलबर्गलाही हिंग लावून विचारलं नाही. स्पीलबर्गनं बाँड करायची इच्छा बोलून दाखवली आणि त्याला नकार मिळाला, ही गोष्ट त्यानं स्वतःच अनेकदा सांगितली आहे. १९७७ साली हवाईच्या किनाऱ्यावर तो हेच रडगाणं मित्रापुढे गात होता. मित्राचं नाव जॉर्ज ल्युकस. ल्युकस म्हणाला, माझ्याकडे बाँडपेक्षा बरं काहीतरी आहे, आणि त्यातून इंडियाना जोन्स जन्माला आला. पुढे १९८९ साली इंडियानाच्या वडिलांच्या भूमिकेसाठी नट हवा होता. स्पीलबर्गनं शॉन कॉनरीला घेतलं. बाँड मिळाला नाही तर बाँडलाच बाप करून घेतला! नकाराचा सूड इतक्या प्रेमानं क्वचितच कुणी उगवला असेल.

क्वेंटिन टॅरँटिनोलाही ‘कसिनो रॉयाल’ हवा होता. तो गावभर सांगत फिरला. मिळाला मार्टिन कॅम्बेलला, आणि कुणाचं काही अडलं नाही. डॅनी बॉयलची गोष्ट आणखी मासलेवाईक. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन त्यानंच बसवलं होतं. त्यात बाँड झालेला डॅनिएल क्रेग थेट बकिंगहॅम राजवाड्यात जाऊन राणीला घेऊन निघतो आणि राणी हेलिकॉप्टरमधून उडी मारते, असा देखावा होता. उडी बदली माणसानं मारली, पण राजवाड्यातल्या प्रसंगात राणी खुद्द होती. सहा वर्षांनी त्याच बॉयलकडे बाँडपट आला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तो सुटलाही. कारण दिलं गेलं सर्जनशील मतभेदांचं. इंग्लंडच्या राणीला जो पटवू शकला त्याला बाँडच्या निर्मात्यांना पटवता आलं नाही.

मग फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रॉकली कुटुंबानं सर्जनशील सूत्रं अ‍ॅमेझॉनच्या हवाली केली आणि चाहत्यांना वाटलं, आता आपलं राज्य आलं. संस्थापक जेफ बेझोस ह्यांनी तर जाहीर विचारलंच, की पुढचा बाँड म्हणून तुम्ही कुणाला निवडाल? दुकानदारानंच गल्ल्यावर बसायला बोलवावं तसे सगळे आत शिरले. बाँड कोण ह्याच्या जोडीनं बाँड कुणी करावा ह्याचीही चर्चा पेटली, आणि यादीत सगळ्यात वर क्रिस्टोफर नोलन. हे नाव यादीत असायला कसलंही कारण लागत नाही. चित्रपट गुप्तहेराचा असो, वटवाघळाचा असो की उद्या अष्टविनायकाचा असो, ‘नोलनला द्या’ असं म्हणणारा एक जण असतोच. बाँडच्या बाबतीत मात्र त्याला आधार होता. नोलन स्वतः बाँडचा भक्त. ‘इन्सेप्शन’मधला बर्फातल्या किल्ल्यावरचा हल्ला हा १९६९ च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ला घातलेला नमस्कार आहे. शिवाय २०१९ साली तो ‘टेनेट’च्या चित्रीकरणासाठी मुंबईत येऊन गेला, डिंपल कपाडियाला महत्त्वाची भूमिका दिली, तेव्हापासून कुलाब्यातले चाहते त्याला आपल्याच वॉर्डातला समजतात.

असा वाद डोंबिवलीतल्या एखाद्या सोसायटीच्या बाकावर कसा रंगतो ते पाहण्यासारखं असतं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा मोबाइल बाजूला ठेवून गंभीरपणे म्हणतो, “काका, बाँड नोलननंच करायला हवा.”

बँकेतून निवृत्त झालेले काका चष्मा पुसत विचारतात, “ते राहू दे. रॉजर मूर आहे का त्यात?”

“काका, ते वारले. २०१७ साली.”

“अरेरे. मग कशाला काढतायत?”

मुलगा समजावू लागतो, की नट बदलला तरी दिग्दर्शकाची दृष्टी महत्त्वाची, प्रत्यक्ष चित्रफितीवर केलेलं चित्रीकरण, खरेखुरे स्फोट, वेळेशी खेळणारी पटकथा. काका सगळं ऐकून घेतात. शेवटी विचारतात, “पण कळेल ना आम्हाला?” नोलनवरचा इतका नेमका अभिप्राय समीक्षकांनाही जमलेला नाही.

जून २०२५ मध्ये नाव जाहीर झालं ते दनी व्हिल्नव्ह ह्यांचं. ‘ड्यून’वाले. आपण लहानपणापासून वडिलांबरोबर बाँडपट पाहत आलो, असं त्यांनी निवेदनात आवर्जून सांगितलं. हे सांगणं आजकाल नेमणूकपत्रासोबत जोडायच्या दाखल्यासारखं झालं आहे. नवा दिग्दर्शक आला की त्यानं पहिल्या दिवशी आपण ह्या मालिकेचे जन्मजात भक्त असल्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. चाहत्याला चाहताच दिग्दर्शक हवा असतो. परक्याच्या हाती पोर द्यायला जीव धजत नाही.

आणि नेमकी इथेच इतिहासानं चाहत्यांची फजिती करून ठेवली आहे. ‘स्टार ट्रेक’च्या मालिकेतला सर्वोत्तम चित्रपट कोणता असं कुठल्याही जुन्या भक्ताला विचारा, बहुतेक जण १९८२ चा ‘द रॅथ ऑफ खान’ सांगतील. त्याचा दिग्दर्शक निकोलस मेयर. काम मिळालं तेव्हा ह्या गृहस्थानं ‘स्टार ट्रेक’चा एकही भाग पाहिलेला नव्हता. उलट भक्तांच्या आवडीचं तेच पुन्हा वाढलं तर काय होतं, ते जे. जे. एब्रम्सला कळलं. त्याचा ‘इंटू डार्कनेस’ २०१३ साली आला, त्यात जुन्या खानलाच पुन्हा आणलं, जुन्या प्रसंगांची उजळणी केली, आणि त्याच वर्षी लास वेगासला जमलेल्या भक्तमंडळींनी मतदान करून तो मालिकेतला सगळ्यात वाईट ठरवला. हॅरी पॉटरचंही तेच. तिसरा चित्रपट अल्फोन्सो क्वारोनला देऊ केला तेव्हा त्यानं पुस्तकं वाचलेली नव्हती. त्याचा मित्र गिलेर्मो देल तोरो त्याच्यावर उखडला, आधी वाच म्हणाला. क्वारोनच्या नावावर तेव्हाचा ताजा चित्रपट होता तो दोन पोरगे आणि एक बाई ह्यांच्या प्रवासाचा, लहान मुलांना दाखवायची सोय नसलेला. पालकांना विचारलं असतं तर त्यांनी त्याला हॉगवर्ट्सच्या फाटकातही उभं केलं नसतं. आज पॉटरचे जाणते चाहते त्याच्या ‘प्रिझनर ऑफ अझकाबान’ची शपथ घेतात.

म्हणजे भक्त नको, त्रयस्थ हवा, असा नियम करावा का? करून पाहावा आणि चेन्नईला जावं, म्हणजे तो सेंट्रल स्टेशनवरच मोडतो. तिथे दिग्दर्शक कट्टर चाहता असणं हीच पात्रता धरली जाते. रजनीकांतचा भक्त कार्तिक सुब्बराज ह्यानं २०१९ साली ‘पेट्टा’ केला, कमल हासनचा भक्त लोकेश कनगराज ह्यानं २०२२ साली ‘विक्रम’ केला. दोन्ही वेळा थिएटरांत नारळ फुटले. आणि मूळ दिग्दर्शकाकडेच काम दिलं तर काय होतं, तेही तिथेच पाहायला मिळालं. १९९६ च्या ‘इंडियन’चा दुसरा भाग शंकर ह्यांनी स्वतःच, अठ्ठावीस वर्षांनी, २०२४ मध्ये आणला. नायक सेनापती तोच, दिग्दर्शक तोच. पाहून आलेला प्रेक्षक कुणाला काढा म्हणावं ह्याच विवंचनेत पडला, कारण काढायला दुसरा कुणी शिल्लकच नव्हता.

‘मूळवाला परत आणा’ हा आग्रह खरं तर जॉर्ज ल्युकसनंच मोडीत काढला होता. १९७७ चा पहिला ‘स्टार वॉर्स’ त्यानं केला. १९८० चा दुसरा भाग, जो आज बहुतेकांना सगळ्यात आवडतो, तो त्यानं केलाच नाही. कॉलेजातले आपले जुने सर, आयर्विन कर्शनर, ह्यांच्याकडे दिला. सर तेव्हा पन्नाशी उलटलेले, अंतराळाशी त्यांचा संबंध नव्हता. तिसऱ्यासाठी त्यानं डेव्हिड लिंचला विचारलं. लिंचनं नकार दिला आणि तो ‘ड्यून’ करायला गेला. तो चित्रपट असा कोसळला, की त्याच कादंबरीवर व्हिल्नव्हनं हात घालेपर्यंत पुढची सदतीस वर्षं गेली. पुढे १९९९ मध्ये ल्युकस स्वतः दिग्दर्शक म्हणून परतला तेव्हा ज्यांनी सोळा वर्षं त्याची वाट पाहिली होती तेच त्याच्यावर तुटून पडले. २०१० साली तर ‘द पीपल व्हर्सेस जॉर्ज ल्युकस’ नावाचा माहितीपट निघाला, नावच खटल्याचं. २०१२ मध्ये त्यानं कंपनी डिस्नेला विकून टाकली, २०१७ मध्ये रियान जॉन्सनचा ‘द लास्ट जेडाय’ आला आणि हा चित्रपट अधिकृत कथेतून रद्दच करा, अशा मागणीवर लाखभर सह्या पडल्या. त्यानंतर चाहते हळहळत म्हणू लागले, काही म्हणा, ल्युकस होता तेव्हा बरं होतं. आपल्याकडे ही प्रतिष्ठा माजी मुख्यमंत्र्यांना मिळते.

ल्युकसनंतरची ‘स्टार वॉर्स’ कंपनी म्हणजे दिग्दर्शकांची धर्मशाळाच झाली. २०१७ च्या जूनमध्ये ‘सोलो’चे फिल लॉर्ड आणि क्रिस मिलर चित्रीकरण बरंचसं उरकल्यावर काढले गेले, सप्टेंबरमध्ये नवव्या भागाचा कॉलिन ट्रेव्होरो गेला. ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्या जोडगोळीच्या नावानं घोषणा झाली, ती २०१९ मध्ये विरली. सगळ्यात हृद्य प्रकार पॅटी जेन्किन्सचा. डिसेंबर २०२० मध्ये तिच्या ‘रोग स्क्वॉड्रन’ची झलक आली. झलकेत नट नाहीत, प्रसंग नाही; स्वतः दिग्दर्शिका वैमानिकाचं शिरस्त्राण हातात घेऊन लढाऊ यानाकडे चालत जाते, आपल्या वैमानिक वडिलांविषयी बोलते, बस्स. २०२३ च्या नाताळची तारीख लागली, आणि २०२२ मध्ये वेळापत्रकातून पुसलीही गेली. कराचीची शर्मीन ओबेद-चिनॉय, माहितीपटांसाठी दोन ऑस्कर मिळवलेली, तिचं नाव एप्रिल २०२३ मध्ये लंडनच्या मेळाव्यात पुकारलं गेलं. ती हवी की नको ह्यावर मोठाले वाद झाले. बाजूनं आणि विरोधात लोकांनी रात्री जागवल्या. २०१९ नंतरची सहा वर्षं ‘स्टार वॉर्स’चा एकही नवा चित्रपट थिएटरात लागला नाही, पण दिग्दर्शकांवरून भांडणाचा एकही हंगाम चुकला नाही. चित्रपटावाचून चाललं, वादावाचून नाही.

चाहत्यांच्या हाती निवड असती तर काय झालं असतं, ह्याची कल्पना करून पाहावी. साल १९९८ धरा. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ कुणाला द्यावा? टोल्किनच्या पवित्र पोथीसाठी पुढे उभा आहे न्यूझीलंडचा एक गबाळा दाढीवाला इसम, पीटर जॅक्सन. त्याचा आधीचा एक नावाजलेला चित्रपट ‘ब्रेनडेड’, साल १९९२. त्यात नायक गवत कापायचं यंत्र छातीशी धरून दिवाणखान्यात शिरतो आणि पाहुण्या प्रेतांची कोशिंबीर करतो. पडद्यावर इतकं रक्त सांडतं, की बघणाऱ्यानं पाय वर घ्यावेत. सोबत बाहुल्यांचा एक अत्यंत वाह्यात चित्रपटही त्याच्या नावावर. पोथीचे वारकरी त्याला दारातूनच पिटाळते. निर्मात्यांनी काम दिलं, तिसऱ्या भागानं अकरा ऑस्कर आणली, आणि मग ‘द हॉबिट’ची वेळ आली तेव्हा ठरलेला देल तोरो निघून गेल्यावर तेच वारकरी म्हणाले, जॅक्सनलाच आणा. आणला. त्यानं एका पातळ पुस्तकाचे तीन चित्रपट केले आणि आता पुस्तक लहान की चित्रपट लांब, ह्यावर भांडण सुरू झालं.

चाहते जिंकतात, असंही कधी कधी होतं. ‘जस्टिस लीग’ करताना झॅक स्नायडर मुलीच्या मृत्यूनंतर २०१७ मध्ये बाहेर पडला, चित्रपट जॉस व्हीडननं पुरा केला आणि तो बघवेना. स्नायडरची मूळ प्रत दाखवा म्हणून चाहत्यांनी जे केलं त्याला तोड नाही. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला जाहिरातीचा फलक भाड्यानं घेतला, विमानाच्या शेपटीला मागणी बांधून आकाशात उडवली. ह्याच मंडळींनी आत्महत्या रोखण्याचं काम करणाऱ्या संस्थेसाठी मोठी रक्कमही उभी केली, आणि त्यापुढे त्यांची टिंगल करणारा गप्प बसतो. मार्च २०२१ मध्ये स्नायडरची प्रत आली. लांबी दोनशे बेचाळीस मिनिटं. मागितलं ते मिळालं, वर जरा जास्तच. पुढच्या वर्षी ‘रोलिंग स्टोन’नं स्टुडिओनं करवून घेतलेला एक अहवाल छापला, मोहिमेत बोलणाऱ्या खात्यांपैकी निदान तेरा टक्के बनावट होती म्हणे. म्हणजे दिग्दर्शक खरा, चित्रपट खरा, मागणीही खरी. मागणाऱ्यांतले काही तेवढे अस्तित्वात नव्हते.

आता मराठीकडे यावं तर इथे सगळाच कारभार निराळा. ‘अशी ही बनवाबनवी’चा पुढचा भाग कुणी करावा, असं कुठल्याही मराठी घरात विचारून पाहा. आजोबांपासून शाळकरी नातवापर्यंत सगळ्यांचं एकच उत्तर येतं, ‘कुणीही नको, हात लावू नका.’ जगातल्या इतर चाहत्यांना आवडता दिग्दर्शक हवा असतो. मराठी चाहत्याला दाराला कुलूप हवं असतं. १९८८ चा चित्रपट, लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली गेले, संवाद अजून लग्नाच्या हॉलमध्ये म्हटले जातात, त्यात ढवळाढवळ कशाला? ह्या भूमिकेत शहाणपण बरंच आहे, हे कबूल करायला हवं.

पण जिथे मालिका खरोखर झाल्या तिथेही वादाला वाव राहिला नाही. ‘मुंबई-पुणे-मुंबई’चे तिन्ही भाग सतीश राजवाडेंचे, ‘टाइमपास’चे तिन्ही रवी जाधवांचे, शिवकाळावरच्या चित्रपटांची माळ दिग्पाल लांजेकरांची. ‘नवरा माझा नवसाचा’ सचिन पिळगांवकरांनी केला आणि २०२४ चा दुसराही त्यांनीच. दुसऱ्याला द्यायचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण बहुतेकदा लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि पडद्यावरचा मुख्य माणूस हे एकाच जेवणाच्या डब्यातून जेवत असतात. महेश कोठारे ह्यांचा ‘झपाटलेला’ घ्या. १९९३ चा पहिला त्यांचा, २०१३ चा त्रिमितीतला दुसरा त्यांचा. त्यातल्या तात्या विंचूला आणखी कुणाच्या हाती सोपवावं असं एखाद्याला वाटलंच, तरी गाऱ्हाणं न्यायचं कुठे? चित्रपटातल्या चौकीत जावं, तर टेबलामागे बसलेला इन्स्पेक्टर महेश जाधव म्हणजे दिग्दर्शक स्वतःच.